गळ्याची तालीम आणि विद्यापीठाची पदवी

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)





दरवर्षी या व्यासपीठावरून आपण वैद्यकी, अभियांत्रिकी, बी.एड्. आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी ऐकत आला आहात. यंदाचा विषय जाहीर होताच सभागृहात थोडी कुजबुज झाली, ती माझ्याही कानावर आली. "गाण्यात पदवी? आणि तीही परदेशातल्या विद्यापीठात?" असे पुढच्या रांगेतल्या एका बुजुर्गांनी शेजाऱ्यांना विचारले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन महिन्यांपूर्वी मलाही तो असाच वाटला असता.

घडले ते असे. आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेली एक मुलगी आपल्या अब्बांना घेऊन माझ्या घरी आली. इंग्लंडमधील एका विद्यापीठात आधुनिक गायन, ध्वनिमुद्रण आणि रंगमंचावरील सादरीकरण असा तीन वर्षांचा पदवीक्रम आहे, त्याला तिला अर्ज करायचा होता. मुलगी गप्प बसली होती. अब्बा म्हणाले, "सर, आवाज अल्लाने दिलाय, ते मला दिसतं. पण हे खरंच शिक्षण आहे, की पैसे उडवायची वाट आहे, तेवढं तुम्ही सांगा." मी म्हणालो, मला थोडा अवधी द्या. त्यानंतर महिनाभर मी निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपत्रके वाचली, या क्षेत्रातल्या दोन-चार जणांना भेटलो, एका ध्वनिमुद्रणगृहात दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणे जायज की नाजायज, कोणते चालेल आणि कोणते नाही, याचा निवाडा मी करणार नाही. मी आलिम नाही, शिक्षक आहे. ज्या घरात याविषयी ठाम मत आहे त्या घराने आपल्या मतावर राहावे. त्यांचा मला आदर आहे. माझे बोलणे ज्या घरात मूल गाणारच आहे, किंवा आताच गात आहे, त्या घरासाठी आहे. अशी घरे आपल्यात थोडी नाहीत, हे लग्नसराईत आपण सर्वच जण पाहतो.

असा अवधी मी का मागितला, त्यामागे एक जुने ओझे आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

१९८१ साल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो रफीसाहेबांची गाणी म्हणत असे आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्व जण हातातले काम ठेवून ऐकत. बडोद्याच्या संगीत महाविद्यालयात जावे असे त्याच्या मनात होते. त्याचे वडील मला विचारायला आले. मी तेव्हा पंचविशीतला, जगाचे सर्व काही कळते अशा थाटातला. मी म्हणालो, "चाचा, गाण्याने पोट भरत नाही. आय.टी.आय.ला घाला, टर्नर होईल." त्यांनी माझे ऐकले. मुलगा टर्नर झाला. दिवसा लेथवर आणि रात्री ऑर्केस्ट्रात, असे त्याचे सुरू झाले. महिन्यात दहा-बारा रात्री, उघड्या मैदानात, फाटक्या आवाजाच्या कर्ण्यांवर तो गात असे. पुढे एका कॅसेट कंपनीने त्याच्याकडून आठ गाणी गाऊन घेतली, चारशे रुपये दिले आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. कॅसेट बसस्टँडवर खूप खपली. त्याला पुन्हा एक पैसाही मिळाला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा आवाज बसला. ज्येष्ठमध चघळीत, आले-मध घेत तो तसाच गात राहिला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले, तेव्हा स्वरतंतूंवर गाठी धरल्या होत्या. पुढे बोलण्यापुरता आवाज सुधारला, गाण्याचा परत आला नाही.

पालकहो, माझ्या सल्ल्याने तो गायचा थांबला नाही. फक्त शिकायचा राहिला. आवाज कसा राखावा, मायक्रोफोनपुढे कसे उभे राहावे आणि कागदावर सही करण्यापूर्वी काय वाचावे, या तीन गोष्टी त्याला कोणी शिकविल्या असत्या तर पुढचे बरेच टळले असते. माहितीपत्रके वाचताना मला आश्चर्य वाटले ते हेच की, या पदवीक्रमांत मुख्यतः त्या तीनच गोष्टी शिकवतात.

आपल्याला असे वाटते की गाणे हे उस्तादाच्या पायाशी बसून शिकायचे, त्याला वर्ग, तास आणि परीक्षा कशाला? पण गाण्याची शाळा ही कल्पना साहेबांकडून आलेली नवी टूम नव्हे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा उघडली ती उस्ताद मौलाबक्ष यांनी. ठरलेल्या वेळी वर्ग, पाठ लिहून घेण्यासाठी स्वरलिपी, अशी त्यांची पद्धत होती. तीच शाळा वाढत जाऊन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे माझा विद्यार्थी जेथे जाऊ पाहत होता ती जागा मुळात एका मुस्लिम उस्तादाने उभी केलेली होती, आणि हे मला तेव्हा ठाऊकही नव्हते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, तेथेच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांनीही १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते.

मात्र त्या शाळांत शिकवीत ते रागसंगीत. चित्रपटातले, रंगमंचावरचे, आजच्या चालीचे गाणे विद्यापीठात शिकविण्याची प्रथा पश्चिमेकडे वाढली. अमेरिकेत बोस्टन येथे १९४५ साली निघालेली बर्कली ही संस्था प्रथम जॅझ शिकवीत असे, हळूहळू सर्व प्रकारचे आधुनिक संगीत शिकवू लागली. आपले ए. आर. रहमान यांना त्याच संस्थेने २०१४ साली मानद डॉक्टरेट दिली. इंग्लंडात लिव्हरपूल येथे, बीटल्समधील पॉल मॅकार्टनी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेच्या जुन्या इमारतीत, १९९६ साली त्यांच्याच पुढाकाराने सादरीकरणकलांची संस्था उघडली. आता ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या अनेक विद्यापीठांत हा विषय आहे. आपल्या देशात रहमान यांनी चेन्नईत २००८ साली संगीत विद्यालय काढले. हा झाला इतिहास. आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू.

पहिली गोष्ट गळ्याची. आपले स्वरतंतू बोटाच्या एका पेराहून लहान असतात. साधे बोलताना ते पुरुषाच्या घशात सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या घशात सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. वरच्या पट्टीत गाताना याच्या कितीतरी पट. तासभर गाणे म्हणजे त्या दोन नाजूक कडांनी लक्षावधी टाळ्या वाजविणे होय. गाणाऱ्याच्या घशातले हे काम पहिल्यांदा नीट पाहिले ते कोणा डॉक्टराने नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढे त्याच आरशाने घशाच्या डॉक्टरांना नवी दृष्टी दिली.

विद्यापीठात विद्यार्थ्याला हे सारे आकृत्या काढून शिकवितात. श्वास कोठून घ्यावा, ओरडल्यासारखा भासणारा स्वर घसा न ताणता कसा काढावा, गाण्यापूर्वी गळा कसा गरम करावा आणि नंतर कसा शांत करावा, याचा रोजचा सराव असतो. काही गोष्टी तर आपल्या सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत. आपण जे पितो ते अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना ते शिवतही नाही. म्हणून कार्यक्रमाच्या ऐन वेळी घोट घेण्यापेक्षा दिवसभर पुरेसे पाणी पोटात जाणे महत्त्वाचे. खडीसाखरेने घशाला बरे वाटते, पण गाठ विरघळत नाही. आवाज बसला असता कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. गप्प राहणे ही विश्रांती. आणि दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, तेथे संकोच करू नये. मुलग्यांचा आवाज फुटतो त्या वयात त्यांना लहानपणीच्या उंच पट्टीत गायला लावू नये. हे मी किरात आणि नात शिकविणाऱ्या उस्तादांनाही नम्रपणे सांगतो. माझ्या विद्यार्थ्याला वेळीच गप्प राहायला सांगणारा कोणी भेटला असता तर त्या वयात अशा गाठी पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचूनही, विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने, ओसरतात, हे मला परवा एका डॉक्टरांनी सांगितले. ते ऐकून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. या देशात ग्रामोफोनच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत १९०२ साली कलकत्त्यात झालेली गौहरजान यांची गाणी होती. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे आणि जेमतेम तीन मिनिटांत सर्व आटपावे लागे. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकडी परदेशात तयार व्हायची, तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि हळू, कानात बोलल्यासारखे गाणे शक्य झाले. आज आपण ज्याला आधुनिक गायन म्हणतो त्याचा जन्म घशात जितका झाला तितकाच त्या यंत्रात झाला.

मी ज्या ध्वनिमुद्रणगृहात बसलो होतो तेथील खोली कापसाने भरल्यासारखी निःशब्द होती. टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी विझे. अशा खोलीत मुलगी एकटी उभी राहते; वाद्ये नाहीत, श्रोते नाहीत, कानात हेडफोन. आपला आवाज आपल्याला एरवी डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. यंत्रातून परत आलेला आवाज पातळ आणि परका वाटतो आणि नवखे गायक तेथेच घाबरतात. मायक्रोफोनपासून साधारण वीतभर अंतर ठेवावे लागते. फार जवळ गेले की आवाज घुमतो. प, फ, ब, भ या अक्षरांचा श्वास यंत्रावर आदळून फट्ट असा आवाज होतो, म्हणून मध्ये जाळी लावतात. स आणि श शिट्टीसारखे टोचतात, म्हणून मान किंचित वळवून गातात. रफीसाहेबांच्या काळी चित्रपटाचे गाणे सगळ्या वादकांसह एकत्र मुद्रित होई, एक जण चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून. आता तीच ओळ दहा वेळा गाऊन घेतात आणि त्यांतले चांगले तुकडे जोडतात. बाहेरच्या माणसाला हे सोपे वाटते. पण सकाळी अकराला गायलेल्या पहिल्या ओळीला दुपारी तीनला गायलेली दुसरी ओळ जुळली पाहिजे, तोच श्वास, तोच भाव. ही कसोटी बैठकीच्या गाण्यात नव्हती.

"मग आता यंत्रच सूर दुरुस्त करते म्हणे?" असे आपण विचाराल. करते. १९९७ साली ऑटो-ट्यून नावाचे साधन बाजारात आले, तेव्हापासून किंचित घसरलेला सूर जागेवर बसविता येतो. पण ते सूर बसविते, जीव ओतीत नाही. विद्यापीठात ते साधन कसे वापरावे हे शिकवितात, आणि त्याची गरज पडू नये असेही शिकवितात. तेथील विद्यार्थ्याला केवळ गायकाच्या काचेआड नव्हे, तर यंत्राच्या बाजूलाही बसवितात. स्वतःचे गाणे स्वतः मुद्रित करून, जोडून, सादर करणे हा परीक्षेचा भाग असतो. ज्या मुलीला दोन्ही बाजूंचे काम येते तिला चांगल्या गळ्याखेरीज दुसरा हुनरही हाती लागतो. अशा मुलीला जाहिरातींची, अनुवादित चित्रपटांची, बोलत्या पुस्तकांची, शाळांतून संगीत शिकविण्याची अशी अनेक कामे करता येतात. चित्रपटात पार्श्वगायिका म्हणून नाव होणे ही हजारांत एकीची गोष्ट आहे. त्या आशेवर कोणी मूल पाठवू नये.

रंगमंचाविषयी थोडक्यात. आठवड्याला एकदा सहाध्यायांपुढे आणि शिक्षकांपुढे गायचे, मग सर्वांनी चुका सांगायच्या, असा वर्ग असतो. साथीदारांना इशारा कसा द्यावा, कर्णा शिट्टी मारू लागला तर काय करावे, हे तेथे शिकतात. हे मला शाळेच्या स्नेहसंमेलनाचेच मोठे रूप वाटले.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि येथे मी अधिक वेळ घेणार आहे. पालकहो, माझ्या विद्यार्थ्याने सही केली तेव्हा कायद्यात गायकाला स्वतंत्र हक्कच नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कवी होता, संगीतकार होता, तबकडी काढणारा होता, गाणारा नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क प्रथम मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या गाण्याचा व्यापारी उपयोग झाल्यास रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्याला दिला. त्यानंतर गायकांनी आपली रॉयल्टी गोळा करणारी संस्थाही स्थापन केली. या प्रश्नावर १९६० नंतरच्या वर्षांत लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाले होते, आणि काही काळ ती दोघे एकत्र गातही नव्हती. रफीसाहेबांचे म्हणणे असे की, मेहनताना घेतला, गाणे संपले, आता आपला हक्क कसला? हा त्यांचा सज्जनपणा होता. त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार प्रेम आहे, तरीही सांगतो की या एका प्रश्नात लताबाईंची दृष्टी दूरवरची होती. सज्जन माणसाचा कागद वाचायचा राहतो आणि कॅसेट दुसऱ्याची विकली जाते.

या पदवीक्रमांत करारपत्र वाचण्याचे वर्ग असतात. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रण कोणाचे, गळा कोणाचा, हे चार हक्क वेगवेगळे कसे धरावेत. एकरकमी पैसे घेणे म्हणजे काय सोडून देणे. हे मुलांना उदाहरणे देऊन शिकवितात. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी या शिक्षणाला शिक्षण म्हणतो.

आता खर्च. येथे गोड बोलून चालणार नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी स्थानिक विद्यार्थ्याला कमाल फी ९,५३५ पौंड ठरली. परदेशी विद्यार्थ्याला सामान्यतः याच्या दीडपट ते दुप्पट, कोठे त्याहूनही अधिक. राहणे-जेवणे वेगळे. तीन वर्षांचा हिशेब मांडला की आपल्यातल्या बहुतेकांच्या घराची किंमत होते. कर्ज काढावे तर व्याजाचा प्रश्न, जो आपल्यापैकी अनेकांच्या घरी केवळ पैशाचा प्रश्न नसतो. "तेथे जाऊन कार्यक्रम करीन आणि फी भागवीन" असे मुले म्हणतात. तेव्हा त्यांना व्हिसाचे नियम वाचून दाखवा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, पण व्यावसायिक कलावंत म्हणून काम करण्यास आणि स्वतंत्र धंदा करण्यास मनाई आहे. म्हणजे गाणे शिकायला गेलेली मुलगी दुकानात उभी राहून पैसे मिळवू शकते, मंचावर गाऊन नाही. ही अट माहितीपत्रकाच्या रंगीत पानावर मला कोठे आढळली नाही.

म्हणून त्या मुलीच्या अब्बांना मी काय सांगितले, ते ऐका. मी "पाठवा" म्हणालो नाही, "पाठवू नका" असेही म्हणालो नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका वाक्यात निकाल दिला होता, तो पुरे झाला. मी म्हणालो, हे शिक्षण खरे आहे. पण पहिले वर्ष येथेच काढा. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पुण्यास विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, बडोदे रात्रीच्या गाडीवर आहे. तिथल्या प्रवेशाची चौकशी करा. घशाच्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्या. गावातल्या ध्वनिमुद्रणगृहात महिनाभर तिला बसू द्या. काचेआड एकटी उभी राहून दहावी वेळ तीच ओळ गाताना तिला आनंद होतो की कंटाळा येतो, ते तिला स्वतःलाच कळेल. प्रवेशाच्या चाचणीसाठी बहुधा दोन भिन्न स्वभावाची गाणी मागतात, ती तयार होऊ द्या. आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच परदेशाचा विचार करा, घर गहाण टाकून नव्हे.

अब्बांनी विचारले, "आणि लोक?" मी म्हणालो, लोकांना मी पालक-मेळाव्यात भेटणार आहे.

मुलगी तेवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "सर, कराराचा तो धडा मला आत्ताच वाचायचा आहे." गेल्या महिन्यात कोणी तरी तिच्या मोबाईलवर गाणे पाठवायला सांगून एक कागद सहीसाठी धाडला होता. तो कागद आम्ही तिघांनी मिळून वाचला. चवथ्या कलमात सर्व हक्क कायमचे, सर्व देशांत, एकरकमी दोन हजार रुपयांना दिल्याचे लिहिले होते. तिने सही केली नाही.

ज्या कोणाकडे असा कागद असेल, किंवा गाणाऱ्या मुलामुलींच्या प्रवेशाविषयी काही विचारायचे असेल, त्यांनी शनिवारी असरच्या नमाजनंतर संस्थेच्या ग्रंथालयात यावे. मी तेथे असतो. मुलांनाही सोबत आणा, आणि तो विद्यार्थी, जो आता पन्नाशी ओलांडून साठीकडे गेला आहे, तोही येण्यास तयार झाला आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे हे माझ्यापेक्षा तोच चांगले सांगेल.